गेम लँड्सच्या पार्किंगमधील घाण आणि शिकारी: खपवून काय घ्यावे, तक्रार कशाची करावी?

पायवाट :

आम्ही पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गच्या उत्तरेला राहतो. घरापासून जवळच राज्याच्या गेम लँड्सचा, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या पण सर्वांना खुल्या सरकारी जमिनीचा, एक मोठा पट्टा आहे. उन्हाळ्यात तिथल्या खडीच्या पार्किंगमध्ये आमच्या गाडीशिवाय क्वचितच एखादी गाडी असते. ऑक्टोबर उजाडला की मात्र पिकअप ट्रकांची रांग लागते. शिकारीला माझा तात्त्विक विरोध नाही, तेव्हा चर्चा कृपया त्या दिशेला नेऊ नये. माझा प्रश्न पार्किंगपुरताच आहे.

गेल्या हंगामात आम्हाला जे दिसले, ते असे. नकाशा लावलेल्या लाकडी फळ्याच्या खांबापाशी लाल आणि पिवळ्या प्लास्टिकची रिकामी काडतुसे पडलेली होती आणि त्यांच्यातच बिअरचे चेपलेले डबे होते. रस्त्याकडेच्या चरात काळी कचऱ्याची पिशवी प्राण्यांनी फाडून ठेवली होती. त्यातून हरणाच्या बरगड्या, गुंडाळलेले कातडे आणि गुडघ्यापासून कापलेले चार पाय बाहेर आले होते. माझी आठ वर्षांची मुलगी पुढे धावत होती, त्यामुळे ते आधी तिनेच पाहिले. दुसऱ्या एका रविवारी एकाने आपला ट्रक थेट लोखंडी फाटकासमोर आडवा लावला होता, तर शेजारच्या ट्रकच्या उघड्या फळीवर जीभ बाहेर आलेले हरीण ठेवून तिघेजण शांतपणे कॉफी पीत गप्पा मारत होते.

यातले नियमात बसणारे काय, नियमाविरुद्ध काय आणि केवळ आमच्या डोळ्यांना सवय नाही म्हणून खटकणारे काय, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. तक्रार करायची झाल्यास कोणाकडे करावी? पडलेला कचरा आपण उचलावा का? आणि शिकार न करणाऱ्या आमच्यासारख्यांनी हंगामात तिथे कसे वागावे, म्हणजे त्यांनाही आमचा त्रास होणार नाही, हेही कोणी अनुभवी व्यक्तीने सांगितल्यास बरे होईल.

शरद ऋतू :

पायवाट, मी पेनसिल्व्हेनियातल्याच लेबनॉन काउंटीत राहतो आणि बऱ्याच वर्षांपासून परवाना काढून हरणाची आणि फेझंट पक्ष्यांची शिकार करतो. तुम्ही पाहिलेल्या गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत, म्हणून एकेक घेतो.

ट्रकच्या फळीवरचे हरीण पूर्णपणे कायदेशीर आहे. जनावर पडले की ते जागेवरून हलवण्याआधी शिकाऱ्याने आपल्या परवान्यासोबतची चिठ्ठी भरून त्याच्या कानाला बांधायची असते, मग ते ओढत किंवा प्लास्टिकच्या घसरगाडीवर घालून पार्किंगपर्यंत आणायचे असते. म्हणजे गाडीपाशी हरीण दिसणे अटळच आहे. मात्र त्यावर ताडपत्री टाकावी, रस्त्याने जाणाऱ्यांना त्याचे प्रदर्शन घडवू नये, हे शिकारी-प्रशिक्षणाच्या वर्गात पहिल्यापासून शिकवतात. त्या तिघांचा गुन्हा नव्हता, फक्त भान सुटले होते.

रानात आत, वाटेपासून दूर, तुम्हाला कधी आतड्यांचा ढीग दिसला तर त्याचीही तक्रार करू नये. जनावराच्या अंगातली उष्णता मांस नासवते, म्हणून पोट जागेवरच साफ करावे लागते. कावळे, गिधाडे, कोल्हे आणि ऑपॉसम तो ढीग थोड्याच दिवसांत संपवतात. (त्यात शिशाच्या गोळीचे कण राहिले तर ते खाणाऱ्या गरुडांना विषबाधा होते, म्हणून मी तांब्याच्या गोळ्या वापरू लागलो, पण तो शिकाऱ्याच्या विवेकाचा प्रश्न झाला, कारण आपल्या राज्यात हरणासाठी शिशावर बंदी नाही.) पार्किंगमध्ये, फाटकापाशी किंवा पायवाटेवर जनावर साफ करणे मात्र शुद्ध असभ्यपणा आहे.

चरातल्या पिशवीचे काय? तो रानातला ढीग नव्हे. कोणीतरी हरीण घरी नेले, गॅरेजमध्ये टांगून मांस काढले, उरलेला सांगाडा कुठे टाकायचा ते सुचले नाही किंवा सुचवून घ्यायचे नव्हते, आणि रात्री गाडी घालून तो चरात लोटला. हा सरळसरळ कचरा टाकण्याचा गुन्हा आहे, आणि आमच्यातल्याच लोकांनी केलेला आहे, म्हणून त्याचा मला तुमच्यापेक्षा जास्त राग येतो. मांस कापून देणारे खाटिक हाडे स्वतःच ठेवून घेतात. घरी कापणाऱ्याने कचरा उचलणाऱ्या कंपनीला विचारून दुहेरी पिशवीत घालून ती द्यावीत, किंवा स्वतः कचरा डेपोवर नेऊन टाकावीत. पोटापुरते मांस ठेवून बाकीचे नको असेल तर ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ ही संस्था 1991 पासून ते अन्नछत्रांपर्यंत पोचवत आली आहे. मार्ग सगळे उपलब्ध आहेत.

काडतुसांकडे जरा बारकाईने पाहावे. गाडीत किंवा गाडीला टेकवूनही भरलेली बंदूक ठेवणे आपल्या राज्यात बेकायदा आहे, त्यामुळे शिकारी पार्किंगमध्ये बंदूक रिकामी करूनच येतो, आणि तेव्हा हातात येतात ती न उडवलेली काडतुसे. ती माणूस खिशात घालतो, फेकत नाही. फळ्याजवळ रिकाम्या नळकांड्यांचा सडा असेल तर तिथे उभे राहून कोणीतरी गोळ्या झाडल्या आहेत. फळ्यावर छर्ऱ्यांची भोके आहेत का, ते पाहा. गेम लँड्सवर नेमबाजीचा सराव फक्त नेमून दिलेल्या रेंजवर करता येतो. पार्किंगमध्ये करणारा माणूस नियम तर मोडतोच, वर माणसांचा जीव धोक्यात घालतो. पिवळी नळकांडी 20 गेजची असते, लाल बहुधा 12 गेजची (गेज म्हणजे बंदुकीच्या नळीच्या रुंदीचे माप). दोन्ही रंग एकत्र पडले असतील तर बंदुका दोन असाव्यात. बिअरचे म्हणाल, तर गेम लँड्सवर दारू पिणेच काय, बाळगणेही निषिद्ध आहे. ते डबे शिकाऱ्यांचेच असतील असे मात्र गृहीत धरू नका, कारण रात्री निर्जन पार्किंग शोधत येणारी तरुण मंडळी वेगळी असतात.

फाटक अडवणे हेही नियमाविरुद्ध आहे. आत कोणाला हृदयविकाराचा झटका आला किंवा कोणी झाडावरच्या मचाणावरून पडला, तर रुग्णवाहिका त्याच फाटकातून आत जाते, आणि मचाणावरून पडण्याचे अपघात दर हंगामात होतात.

तक्रार गेम कमिशनकडे, म्हणजे राज्याच्या वन्यजीव आणि शिकार खात्याकडे करावी. शिकारीचे नियम राबवणारा, तुमच्या भागाला नेमलेला स्टेट गेम वॉर्डन असतो. तारीख, वेळ, ठिकाण, शक्य असल्यास गाडीचा क्रमांक आणि छायाचित्र एवढे द्यावे. पिशवीला हात लावू नये. तिच्यात पत्ता लिहिलेले पाकीट किंवा दुकानाची पावती निघू शकते, आणि तोच पुरावा असतो. चोरट्या शिकारीचा संशय असेल तर त्यासाठी ‘ऑपरेशन गेम थीफ’ ही वेगळी व्यवस्था आहे, तिथे नाव न सांगताही कळवता येते.

मॅडिसनकर :

वरील उत्तरात एक महत्त्वाची बाजू राहिली, ती विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या माणसाला विसरता येत नाही. हरणाचा सांगाडा उघड्यावर टाकणे हा आता केवळ दुर्गंधीचा आणि किळसेचा प्रश्न नाही. हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग पसरला आहे. आमच्याकडे तो 2002 मध्ये सापडला, तुमच्या पेनसिल्व्हेनियात 2012 मध्ये. तो जिवाणूमुळे किंवा विषाणूमुळे होत नाही, विकृत प्रथिनांमुळे होतो, ज्यांना प्रिऑन म्हणतात. हे प्रिऑन मेंदू, पाठीचा कणा, डोळे, प्लीहा आणि लसिकाग्रंथींमध्ये साठतात, आणि जनावर कुजून गेले तरी मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. म्हणजे एका तालुक्यात मारलेल्या रोगी हरणाचा कणा दुसऱ्या तालुक्यातल्या पार्किंगच्या चरात पडला, तर तिथल्या निरोगी हरणांसाठी रोगाचे बीज पेरल्यासारखे होते. म्हणूनच रोगग्रस्त भागांतून डोके आणि कणा बाहेर नेण्यावर निर्बंध असतात.

माणसाला हा रोग झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही रोगी ठरलेल्या जनावराचे मांस खाऊ नये, असाच सल्ला आरोग्य यंत्रणा देतात. मुलीने ते अवशेष नुसते पाहिले असतील तर काळजीचे काहीही कारण नाही. कुत्र्याला मात्र ते चघळू देऊ नये.

आमच्या राज्यात नोव्हेंबरमधल्या बंदुकीच्या नऊ दिवसांच्या हंगामासाठी साडेपाच लाखांच्या आसपास परवाने विकले जातात. इतक्या लोकांकडून हाडे कुठे जाणार, हा प्रश्न केवळ उपदेशाने सुटत नाही. त्यावर नैसर्गिक संपदा विभागाने एक चांगला उपाय काढला: गावातली मंडळे, क्लब किंवा दुकाने हंगामापुरती केवळ हरणाच्या अवशेषांसाठी मोठी कचरापेटी दत्तक घेतात आणि खर्चाचा काही भार विभाग उचलतो. त्या पेटीतला कचरा थेट योग्य डेपोत जातो. पेनसिल्व्हेनियातही रोगग्रस्त पट्ट्यांत गेम कमिशनने अशा पेट्या ठेवल्या आहेत, आणि त्यांच्याशिवाय हरणाची डोकी तपासणीसाठी टाकण्याच्या धातूच्या पेट्याही आहेत. शिकाऱ्याने शिंगे कापून घ्यायची, कानाची चिठ्ठी तशीच ठेवायची, डोके दुहेरी पिशवीत बांधून पेटीत सोडायचे, आणि तपासणीचा निकाल त्याला फुकट कळतो. अशी पेटी एखाद्या पार्किंगमध्ये दिसली आणि कोणी तिच्यात पिशवी टाकताना दिसला, तर तो कचरा टाकत नसून सर्वांत जबाबदार काम करत आहे, एवढे लक्षात असू द्यावे.

धायरीकर :

मी पुण्यात राहतो, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी सर्वस्वी परका आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा हंगाम ही कल्पनाच उरलेली नाही. तरीही दोन शंका विचारतो. ज्यांच्या हातात बंदूक आहे, अशा अनोळखी लोकांना पार्किंगमध्ये जाऊन “ट्रक बाजूला घ्या” म्हणणे शहाणपणाचे आहे का? आणि दुसरे असे, की ही जमीन सर्वांची असेल तर तिथे शिकाऱ्यांचाच वरचष्मा का असावा? सिंहगडाच्या वाहनतळावर मी दर रविवारी घाण पाहतो, आणि ती करणाऱ्यांच्या हातात बंदूक नसते, कणीस असते. वाहनतळावर पाय ठेवताक्षणी माणसाला आपण घराबाहेर आहोत याचा विसर पडतो की काय, कोण जाणे.

शरद ऋतू :

धायरीकर, पहिल्या शंकेचे उत्तर: ट्रक बाजूला घेण्याची विनंती हसतमुखाने केली तर बहुतेक जण दिलगिरी व्यक्त करून लगेच गाडी हलवतात, पहाटे अंधारात आलेल्या माणसाला फाटक दिसलेलेच नसते. परंतु कोणी दारू प्यायलेला असेल, पार्किंगमध्ये गोळ्या झाडत असेल किंवा अवशेष टाकताना प्रत्यक्ष सापडला असेल, तर एक शब्दही न बोलता गाडीत बसावे, क्रमांक टिपावा, तिथून निघावे आणि मग फोन करावा. ते काम वॉर्डनचे आहे, त्याला अटकेचे अधिकार आहेत. उलट बाजूने, नियमाने शिकार करणाऱ्याच्या कामात मुद्दाम अडथळा आणणे, जनावरे पळावीत म्हणून आरडाओरडा करणे हा अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत गुन्हा आहे, हेही फिरायला जाणाऱ्यांना ठाऊक असावे.

दुसऱ्या शंकेला इतिहासातच उत्तर आहे. पेनसिल्व्हेनियाने 1913 मध्ये शिकारीसाठी परवाना सक्तीचा केला, आणि त्या पैशातून 1920 मध्ये एल्क काउंटीत गेम लँड्सचा पहिला तुकडा विकत घेतला. आज ही जमीन 15 लाख एकरांच्या आसपास आहे. तिच्यामागे प्रामुख्याने परवान्यांचा पैसा आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखालचा केंद्रीय कर आहे. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर तो 11 टक्के आहे. बूट, तंबू किंवा दुर्बीण घेणाऱ्याला असा कर द्यावा लागत नाही. तरी पायी फिरणाऱ्याला, पक्षी पाहणाऱ्याला ही जमीन मोफत खुली आहे. माझ्या ओळखीचे काही शिकारी हा हिशेब फार मोठ्याने ऐकवतात आणि मग “आमच्या पैशाची जमीन” म्हणून कॉफीचा कप तिथेच टाकतात. पैसे भरल्याने मालकी येते असे मानले तरी आपल्याच अंगणात थुंकण्याचा तो युक्तिवाद मला कधी समजलेला नाही.

केशरी टोपी :

मी ईस्टनजवळ राहते आणि आमचा मराठी मंडळींचा एक फिरण्याचा गट आहे. पायवाट यांनी शेवटी विचारलेला प्रश्न, म्हणजे आपण कसे वागावे, तो मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण पार्किंगमधली सगळी घाण शिकाऱ्यांच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. आमच्याकडच्या पार्किंगमध्ये आम्हाला सर्वांत जास्त काय सापडते? कुत्र्याची विष्ठा भरून, गाठ मारून, परत येताना नेऊ म्हणून फाटकाला अडकवून ठेवलेल्या पिशव्या. त्यांच्या खालोखाल ओले टिश्यू, संत्र्यांची साले आणि मुलांचे डायपर. हे घेऊन शिकारी रानात जात नाहीत! तिथे कचरापेटी नसतेच, आणि ती ठेवली तर अस्वले आणि रॅकून ती रात्रीतून उलथून टाकतील. तेव्हा आणलेले परत नेणे एवढाच मार्ग उरतो.

दुसरी गोष्ट गाड्यांची. सहा-सात गाड्यांच्या जागेत नोव्हेंबरच्या शनिवारी सकाळी पंधरा गाड्या घेऊन आपला जथ्था उतरला, डिक्की उघडून पोहे-चहा सुरू झाला आणि कोणीतरी स्पीकर लावला, तर पहाटे पाचपासून थंडीत झाडावर बसलेल्या माणसाच्या मनात काय येईल, याचा विचार करावा. आम्ही आता हंगामात दूरच्या मॉलमध्ये एकत्र जमतो आणि दोन-तीन गाड्यांतच पुढे जातो. शक्यतो सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत चालतो. हरणांची हालचाल पहाटे आणि सांजवेळी जास्त असते, कायद्याने शिकारही सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत चालते, त्यामुळे मधल्या वेळेत परस्परांची अडचण कमी होते. पार्किंगमध्ये कोणी भेटले तर कुठल्या वाटेने जाणार आहोत, हे आपणहून सांगतो. तो मग हाताने दिशा दाखवून “मग मी त्या बाजूला जातो” म्हणतो आणि दोघांचेही काम होते. “तुम्ही नेमके कुठे बसता?” हा प्रश्न मात्र विचारू नये. स्वतःच्या भावालाही ही मंडळी ती जागा सांगत नाहीत.

रविवारचा मुद्दा नव्याने आलेल्यांना माहीत नसतो. पूर्वी आपल्या राज्यात रविवारी शिकारीला जवळजवळ पूर्ण बंदी होती, त्यामुळे तो दिवस फिरणाऱ्यांचा, असा अलिखित रिवाजच पडला होता. 2019 च्या कायद्याने तीन रविवार खुले केले, आणि 2025 मध्ये ती जुनी बंदीच उठली. “रविवार आहे, कोणी नसेल” या भरवशावर, शिकाऱ्याला माणूस लांबून दिसावा म्हणून घालायच्या नारिंगी कपड्यांशिवाय आता जाऊ नये. 15 नोव्हेंबर ते 15 डिसेंबर या काळात गेम लँड्सवर शिकार न करणाऱ्यांनीही डोके, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच झळाळता नारिंगी रंग घालावा, असा नियम आहे. आम्ही तर ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत घालतो.

कचरा उचलण्याबाबत सांगायचे, तर डबे, कप आणि रिकामी नळकांडी आम्ही उचलतो; जाड हातमोजे आणि लांब चिमटा घेऊन, आणि पँटचे पाय मोज्यांत खोचून, कारण हरणावरची गोचीड, जिच्यामुळे लाइम रोग होतो, ती थंडी पडल्यावरही गवताच्या टोकावर बसलेली असते. अवशेषांच्या पिशवीला हात लावत नाही. न उडालेले काडतूस सापडले तर ते घरच्या कचऱ्यात टाकू नये. जागा लक्षात ठेवून वॉर्डनला किंवा स्थानिक पोलिसांना कळवावे. ते उडालेले की न उडालेले हे ओळखायचे, तर शॉटगनच्या रिकाम्या नळकांडीचे तोंड उघडे असते, न उडालेल्याचे बहुधा घड्या घालून बंद केलेले असते. मुलांना मात्र दोन्हींपैकी कशालाही हात न लावण्याचीच शिकवण द्यावी.

मोठ्या प्रमाणावर स्वच्छता मोहीम काढायची असल्यास आधी गेम कमिशनच्या विभागीय कार्यालयाशी बोलावे. हंगाम संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, गवत दबलेले असते आणि सगळे उघडे दिसते.

पायवाट :

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा जाऊन पाहिले. शरद ऋतू म्हणाले तसे फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खरोखरच छर्ऱ्यांची बारीक भोके आहेत, आणि नकाशावरचे प्लास्टिक तिथे तडकले आहे. इतके दिवस मी ते गारांमुळे झाले असे समजत होते. छायाचित्रे काढून जागेच्या नोंदीसह तक्रार पाठवली आहे. चरातली पिशवी तेथे नव्हती, हाडे मात्र थोडी विखुरलेली आहेत, तेही लिहिले.

आणखी एक शंका आहे. आमच्याकडे तपकिरी रंगाचा लॅब्रॅडॉर आहे. हंगामात त्याला दोरीने बांधून नेले तर पुरेसे आहे, की त्यालाही नारिंगी घालावे?

शरद ऋतू :

दोन्ही करावे. कुत्र्याची नारिंगी बंडी कोणत्याही मोठ्या दुकानाच्या शिकार विभागात मिळते. पोटाखालून पट्टा घट्ट बसणारी घ्या, नाहीतर ती काटेरी झुडपात अडकून निघते. आणि त्याला पार्किंगमध्ये गाडीतून उतरवण्याआधी दोरी लावा. दार उघडताच तो चराकडे धाव घेईल, कारण ती हाडे अजून तिथेच आहेत.